बावीस नंबरातले एकेचाळीस

तुमच्या घरात सहा वर्षांत एकेचाळीस माणसं कॅन्सरनं गेली, असं तो माणूस उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सोमवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. हातात जाडजूड फाईल, गळ्यात सरकारी ओळखपत्र आणि चेहरा असा उतरलेला की मीच उठून त्याला पाणी द्यावं. एकेचाळीस, सगळी पासष्टीच्या पुढची, तो म्हणाला. घर नंबर बावीस हेच ना?

मी म्हटलं, हेच.

खरं सांगायचं तर आकडा ऐकून मीही चपापले. मी कधी मोजलंच नव्हतं. एक गेलं की चादरी धुवायच्या, खोली पुसून घ्यायची, दोन दिवस जेवण जायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुढचं कुणीतरी पिशवी घेऊन दारात. यात मोजायला बसतंय कोण?

माझं घर मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. नवरा गेल्यावर तीन खोल्या मी पेशंटांना द्यायला लागले. मशीनखाली झोपवून किरणं देतात ना, त्याला आम्ही सगळे शेक म्हणतो. रोज एक शेक, शनिवार-रविवार सुट्टी, असे पंचवीस-तीस शेक. तेवढे दिवस माणसाला जवळ कुठेतरी टेकायला जागा लागते. माझ्याकडे खोली, गरम पाणी आणि दोन वेळचं साधं जेवण मिळतं. तोंड माझं फाटकं आहे, ते मी सुरुवातीलाच सांगून टाकते. पण भात मऊ करते.

आता मूळ भानगड. हॉस्पिटलचा नियम असा, की शहरात राहणाऱ्याचा नंबर आठवड्यात लागतो आणि बाहेरच्याला सहा-सहा महिने थांबवतात. सत्तरीच्या माणसाला हा रोग झालेला असताना सहा महिने थांब म्हणायचं, म्हणजे घरी जाऊन मर असंच सांगायचं, फक्त जरा सभ्य भाषेत. सहा वर्षांपूर्वी एक रिटायर्ड मास्तर आले होते, त्यांची बायको माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रडायला लागली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, रडू नका, माझा पत्ता घाला. हा माणूस माझ्याकडे राहतो असं मी कागदावर लिहून सही ठोकली. नऊ दिवसांत मास्तरांना मशीन मिळालं.

झालं. त्यानंतर सगळ्यांना कळलंच. हॉस्पिटलच्या खिडकीवर बसणारा कारकून तर माझा माणूस दिसला की वर न बघताच विचारायचा, बावीसच ना? आणि लिहून टाकायचा. बरी होणारी बरी होऊन घरी गेली, ती बरीच आहेत, उगाच खोटं कशाला बोला. पण जी गेली त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्ता कुठला आला? हॉस्पिटलच्या कार्डावरचाच. त्यांची राख गेली गावाला, आणि सरकारी कागदावर ती कायमची माझ्याकडे राहायला आली. हे माझ्या टाळक्यात कधीच शिरलं नव्हतं. खिडकीवाल्याच्या नाही, डॉक्टरांच्याही नाही. आम्ही सगळे जिवंत माणसाच्या मागे होतो.

त्या माणसाला मी मनात आकडेवाला म्हणायला लागले. तो आत आला, माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यानं नकाशा पसरला. सबंध जिल्ह्याचा. पासष्टीच्या पुढची किती माणसं कुठे कॅन्सरनं जातात, त्याप्रमाणे रंग भरलेला. जास्त तिथे गडद लाल, कमी तिथे फिका, अगदीच कमी तिथे पांढरा. आमची गल्ली अशी लाल की काळीच म्हणा. मी बोट कुठेतरी ठेवायचं म्हणून डोंगराकडच्या बाजूला ठेवलं. तिथे खोरं आहे, पाच वस्त्यांचं. ते कोऱ्या कागदासारखं पांढरं होतं.

तो खूश होऊन म्हणाला, ही तर कमाल आहे, खोऱ्यात जवळजवळ शून्य. ती माणसं काय खातात, कसं राहतात, याचा एकदा अभ्यास करायचा आहे मला.

 माझी ताई त्या खोऱ्यात दिलेली. चाळीस वर्षं तिचा संसार तिथे. आणि त्या क्षणी ताई माझ्या मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेली होती. पंचवीसपैकी दहा शेक झालेले, पंधरा राहिलेले. कार्डावर पत्ता घर नंबर बावीस.

आकडेवाल्यानं विचारलं, ही सगळी माणसं इथेच राहत होती का?

मी म्हटलं, राहत होती.

खोटं कुठे होतं? राहत होतीच. माझ्याच चादरींवर झोपत होती. त्यानं विचारलं, किती काळ? मी म्हटलं, बरेच दिवस. आणि तांदळाचं ताट उचलून आत गेले.

तो गेल्यावर मी कपाटातून माझी वही काढली. सरकारकडे काय वाट्टेल ते लिहिलेलं असो, माझ्या वहीत प्रत्येकाचा खरा पत्ता असतो. काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला? म्हणून पहिल्याच दिवशी मी गाव, वस्ती, घरातल्या कुणाचा तरी फोन लिहून घेते. गेलेल्यांच्या नावापुढे छोटी रेघ मारते. त्या दुपारी मी रेघांची नावं काढत बसले आणि गाव बघत गेले. बारा इकडचे तिकडचे निघाले. उरलेले एकोणतीस त्या पाच वस्त्यांमधले. मास्तरही तिथलेच.

एकोणतीस. खोरं ते केवढं, तिथे म्हातारी माणसं असून असून किती असणार? मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही. वही मिटली आणि तांदळाच्या डब्याखाली सरकवली. त्या क्षणापासून मला ठाऊक होतं, हे मी तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. नंतर कळलं, संशय आला, असलं काही मी म्हणणार नाही.

बोलायचं तर काय बोलायचं होतं? साहेब, हे पत्ते खोटे आहेत, असं म्हटलं की पहिलं कार्ड रद्द होणार ताईचं. अर्धवट राहिलेले शेक म्हणजे काय असतं ते मी पाहिलंय. डॉक्टर म्हणायचे, मध्ये खंड पडता कामा नये, रोग डोकं वर काढतो. आणि बाहेरच्यांच्या रांगेत सहा महिने. ताईला सहा महिने नव्हते. मी मनाशी ठरवलं, तीन आठवडे. फक्त तीन आठवडे मूग गिळून बसायचं, शेवटचा शेक झाला की मी स्वतः वही घेऊन जाईन, मग मला फासावर चढवा. खोऱ्यातली माणसं इतकी वर्षं राहिली, आणखी तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? असं मी म्हणत होते. स्वतःला पटवायला मला वेळ लागत नाही.

त्या आठवड्यात आकडेवाला रोज आला. माणूस कामाचा पक्का होता, त्याची आईही याच रोगानं गेलेली होती, ते त्यानं चहा पिताना सांगितलं. त्यानं माझ्या भिंतींचा रंग खरवडून बाटलीत भरला. पत्रा तपासला, मोरी तपासली, पलंगाखाली एक डबी ठेवली, ती म्हणे हवेत काय आहे ते मोजते. ताईच्या पलंगाखाली ठेवताना तिला हळू आवाजात विचारलं, आजी, तुम्ही इथे किती वर्षं आहात? ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तिला कमी ऐकू येतं. ताईला सुई पडलेली ऐकू येते.

तो गेल्यावर ती म्हणाली, मला बहिरी कशाला केलीस गं? मी म्हटलं, कार्डाचं काहीतरी चौकशीचं लचांड आहे, तू गप्प राहा. ती गप्प राहिली. माझ्यावर तिचा भारी विश्वास. लहानपणी आईचा मार मी चुकवायचे आणि ती खायची, तरीही विश्वास.

गल्लीत मात्र बोभाटा झाला. बावीस नंबरचं घर माणसं खातं, असं पोरंसोरं म्हणायला लागली. दुधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायला लागला. बाकीच्या दोन खोल्यांतली माणसं दोन दिवसांत सामान बांधून गेली. समोरची शिवणवाली तेवढी पहिल्यासारखी येत राहिली. वीस वर्षांची शेजारीण, जिभेला हाड नाही, पण मन मऊ. तिची सून गरोदर होती. शिवणवाली म्हणायची, घर माणसं खात असतं तर तुला आधी नसतं का खाल्लं, तू तर केवढी कडू. मी हसायचे. 

आणि मग दुसऱ्या सोमवारी आकडेवाल्यानं पूर्ण गल्लीच्या नळाला सील ठोकलं. संशय पाण्यावर आहे, म्हणाला, अहवाल येईपर्यंत टँकर. दुपारी टँकर आला. बायकामाणसं बादल्या, घागरी, कॅन घेऊन रांगेला लागली. मीही लागले. ड्रायव्हरशी कुणीतरी हुज्जत घातली, कुठल्या डबक्यातलं पाणी आणलंस म्हणून. तो म्हणाला, डबकं कसलं, डोंगराकडच्या खोऱ्यातल्या मोठ्या विहिरीवर भरलंय. साहेबांचा हुकूम आहे. नकाशात सगळ्यात पांढरी जागा तीच, तिथे कुणी मरतच नाही म्हणे.

माझ्या हातातली बादली भरली आणि वाहायला लागली, तरी मी उभीच.

तुम्ही म्हणाल, पाण्यातच काही आहे हे तुला कुणी सांगितलं? कुणीच नाही. पाणी असेल, वरच्या दगडाच्या खाणीची धूळ असेल, आणखी काही असेल. मी काय डॉक्टर आहे? पण एकोणतीस माणसं मला माहीत होती आणि पाचही वस्त्या त्या एकाच विहिरीवर जगतात हेही माहीत होतं. ताईकडे गेले की मीच घागर भरून आणायचे. गोड पाणी. आमच्या नळापेक्षा कितीतरी गोड.

मी आडून आडून प्रयत्न केला, हेही सांगते. म्हणजे माझी लाज थोडी तरी झाकली जाईल. मी आकडेवाल्याला म्हटलं, ते खोऱ्यातलं पाणी नीट तपासलंत ना? तो म्हणाला, तपासलं की, जंतू नाहीत, गढूळ नाही. मी म्हटलं, पण ते दुसरं, महागडं तपासणं? तुम्ही आमच्या पाण्याचं करताय ते? तो कौतुकानं हसला. मावशी, तुम्ही फार विचार करता हो. पण ती तपासणी मोजक्या ठिकाणांचीच होते. जिथे माणसं मरतात तिथलीच करतात. जिथे कुणी मरतच नाही, तिथलं पाणी तपासायला मी कुणाकडे मागणी करू?

 बरोबरच होतं त्याचं. माझ्याच सह्यांनी बरोबर होतं.

पुढचे दिवस मी कशी वागले ते ऐका. टँकर आला की रांगेत उभी राहायचे, कुणाला संशय नको म्हणून. दोन बादल्या घरात आणायचे आणि मोरीत ओतून द्यायचे. मग ताईला शेकासाठी घेऊन जायचे तेव्हा दोन कॅन पिशवीत घालून न्यायचे आणि हॉस्पिटलच्या अंगणातल्या नळावर भरून आणायचे. ताई विचारायची, ओझं कशाला वाहतेस? मी म्हणायचे, डॉक्टरांनी सांगितलंय. समोरच्या खिडकीत शिवणवालीची सून तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायची. आठवा महिना, उकाड्याचे दिवस, तिला सारखी तहान. मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. पडदा ओढला की दिसत नाही, एवढीच अक्कल मला त्या दिवसांत उरली होती. रोज सकाळी उठले की पहिला विचार उरलेल्या शेकांचा. नऊ राहिले. सात राहिले. चार राहिले. ताईचा घसा भाजल्यासारखा लाल झाला होता, पण गाठ बसत होती, डॉक्टर मान हलवून चांगलं म्हणत होते. मी आकड्यांना धरून चालले होते आणि मधल्या माणसांकडे बघत नव्हते.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी, दोन शेक राहिलेले असताना, मी दुपारी बाजारात गेले. अर्ध्या तासाचं काम होतं. परत आले तर शिवणवाली माझ्या घरात, मधल्या खोलीत, ताईच्या उशाशी बसलेली. खाली दोन भरलेल्या घागरी. आज टँकर लवकर आला होता, मी नव्हते, म्हणून तिनं स्वतःच्या वाटणीचं पाणी आमच्यासाठी आणलं होतं. आजारी बाईला चांगलं पाणी मिळायला हवं, असं म्हणत होती. आणि ताईच्या हातात पेला होता, रिकामा.

ताईचा चेहरा मी महिनाभरात तसा पाहिला नव्हता. ती म्हणाली, "अगं, हे तर माझ्या घरचं पाणी आहे. कुठून मिळवलंस?"

मी पेला तिच्या हातातून हिसकावून घेतला. तो खाली पडला, फुटला नाही, स्टीलचा होता, नुसता घरंगळत गेला.  मग मी शिवणवालीला दंडाला धरून ओढत स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पत्ते, वही, एकोणतीस, विहीर. सुनेला आजपासून एक थेंबही देऊ नकोस म्हटलं.

वाटलं, ती कपाळावर हात मारेल, मला शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त पदर खोचला. मग म्हणाली, "दहा दिवस मीच तिला आग्रह करकरून पाजतेय." आणि मधल्या खोलीत जाऊन तिनं दोन्ही घागरी उचलल्या, माझ्या मोरीत रिकाम्या केल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी डब्याखालची वही काढली आणि तशीच, घरातल्या चपलांवर, आकडेवाल्याच्या ऑफिसात गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. तो जेवणाचा डबा धूत होता. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं, रेघ मारलेली नावं बघा, आणि समोरचं गाव बघा.

त्यानं एकेक पान उलटलं. आपली फाईल उघडली, नावं जुळवली, पेन्सिलीनं खुणा करत गेला. मधेच त्यानं पेन्सिल खाली ठेवली. माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, मीच टँकर लावला. मी म्हटलं, नकाशा बघून लावलात, आणि नकाशा माझ्या सहीनं झाला. तो म्हणाला, सह्या तुमच्या, हुकूम माझा.  

शेवटी तो म्हणाला की विहीर बंद करायची तर आजच्या आज वर लिहावं लागेल. आणि लिहायचं तर कारण द्यावं लागेल. कारण म्हणजे हे पत्ते. ते कळलं की हॉस्पिटल त्याच क्षणी बावीस नंबरचं चालू कार्ड थांबवणार, तो त्यांचा नियम आहे, त्याच्या हातात काही नाही. त्यानं ताईचं नाव फाईलमध्ये पाहिलंच होतं. जिवंत माणसांच्या यादीत ते एकटंच नाव उरलं होतं.

मी म्हटलं, दोनच शेक राहिलेत. उद्या आणि परवा. शनिवारी लिहा.

त्याला ते जमलं असतं. ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, तो भला माणूस होता आणि त्याला आई आठवत होती. त्यानं पेन उचललं आणि खाली ठेवलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही सांगाल तसं करतो. आज लिहू, की शनिवारी?"

असं कुणी कुणाला विचारू नये. शपथेवर सांगते, मला त्याचा त्या क्षणी संताप आला. सरकारी माणूस ना तू, मग तू ठरव, माझ्या गळ्यात कशाला मारतोस? माझ्या डोळ्यांसमोर ताईचा घसा येत होता आणि त्याच वेळी ती समोरची पोर तांब्या तोंडाला लावून उभी दिसत होती. आणि खोऱ्यातली ताईची दोन नातवंडं, मोठं सहा वर्षांचं, धाकटं नुकतं चालायला लागलेलं.  मी म्हटलं, लिहा. म्हटलं आणि लगेच वाटलं, परत घ्यावं. त्यानं लिहायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी ताईला काही सांगितलं नाही.  ती मऊ भात खाऊन लवकर झोपली, दोन दिवसांनी घरी जायचं म्हणून पिशवीत साड्या भरून ठेवल्या होत्या. गुरुवारी सकाळी साडेआठला मी चहाची भांडी घासत होते तेव्हा खिडकीवाल्या कारकुनाचा निरोप आला. आज आणू नका, कार्ड थांबवलंय. भांडी तशीच टाकून मी आत गेले. ताई वेणी घालून, शाल घेऊन, पलंगाच्या कडेला तयार बसलेली. म्हणाली, चल, उशीर होईल.

मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. पहिल्यापासून.  मध्ये ती एकदाच म्हणाली, दोनच राहिले होते ना गं? मी मान हलवली. मग तिनं विचारलं, आमच्याकडचे कोण कोण? मी नावं घेत गेले आणि ती बोटं दुमडत गेली. सगळ्यांना ओळखत होती. हा आमच्या बांधालगतचा. ही माझ्या जावेची आई. मास्तरांनी तिच्या मुलाला शिकवलेलं. तिला वाटायचं, एखादंदुसरं गेलं असेल. ज्याच्या घरात हे दुखणं येई तो बोलत नसे. माणूस उपचाराला शहरात जाई आणि तिकडेच संपे. एकत्र असं कुणी मोजलंच नव्हतं. बोटं संपली, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू झाली, ती संपली, तरी मी नावं घेतच होते.

एकोणतीस झाले तेव्हा ती म्हणाली, "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

मी खोटं बोलू शकले असते. काल कळलं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं, तिनं माझं सगळंच मानलंय. मी म्हटलं, अठरा दिवस.

तिनं उशाजवळचा फोन घेतला आणि घरी लावला. तिच्या सुनेनं उचलला. पलीकडे धाकटं पोर कशासाठी तरी रडत होतं, तो आवाज खोलीभर आला. ताई म्हणाली, विहिरीचं पाणी आजपासून बंद. पोरांना तर मुळीच नाही. मिळेल तिथून आण, शेजाऱ्यांनाही सांग, पाचही वस्त्यांना सांग. सून गोंधळली. कुणी सांगितलं, काय झालं, कालच पिंप भरून ठेवलंय, तुमचा आजचा शेक झाला का, असं एकामागून एक विचारत राहिली.

ताईनं तिला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "तुझ्या मावशीला माहीत होतं." आणि फोन कानावरून काढून माझ्यापुढे धरला. 

"किती दिवसांपासून, ते तूच सांग तिला."

मी फोन घेतला. पलीकडून सून हॅलो, हॅलो करत होती.